पौषात कासव हलवताना

थंडी आवडते असं सांगणाऱ्या माणसांवर माझा फारसा विश्वास बसत नाही. त्यांनी थंडी बहुधा स्वेटरच्या दुकानात पाहिलेली असते. आमच्या खानदेशात उन्हाळ्याची फुशारकी सगळे मारतात, पारा कुठवर चढला ते पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, थंडीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. ती गुपचूप येते. दिवाळीनंतर काही दिवस मागच्या दारी रेंगाळते आणि मार्गशीर्ष सरता सरता घरात शिरते. परवा सकाळी नळाखाली हात धरला तर बोटं आखडली. पेपरात बातमी होतीच, रावेर-यावलकडे केळीला थंडीचा चरका लागल्याची. मी पेपर घडी करून ठेवला, निवलेला चहा पुन्हा गरम केला. तरी दिवसभर कानात एक आवाज येत राहिला, पत्र्यावर नखं घासल्याचा.

तो आवाज फैजपूर ते धुळे एवढ्या रस्त्याचा आहे. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी सहावीत होते. वडील पाटबंधारे खात्यात कारकून. फैजपूरला आम्ही आबांच्या घरात भाड्यानं राहायचो. पुढच्या भागात आबा, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, आणि मधल्या अंगणात आमची दोन कासवं. आबा केळीचे जुने बागायतदार. बायको गेलेली, मुलगा सुरतेला. त्यांना बोलायला कुणीतरी लागायचं, आणि माणूस मिळालं नाही की ते कासवांशी बोलायचे.

मोठं कासव जमिनीवरचं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. त्याचं नाव मामलेदार. मान वर काढायची, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, कुणाचं काय चुकतंय याची नोंद घेतल्यासारखी अंगणाला फेरी मारायची आणि शेवटी काहीही न करता सावलीला जाऊन बसायचं, असा त्याचा दिनक्रम होता. नाव वडिलांनी ठेवलेलं. कचेरीतल्या माणसालाच असली नावं सुचतात. दुसरी गंगी, पाण्यातली. मामानं ती मेहरूणच्या तलावावरून आणली होती, बोरांच्या पिशवीतून. बोरं संपली, गंगी राहिली. हौदात असायची आणि बोट दिसलं की चावायची.

मामलेदार मात्र माझ्याही आधी घरात आला होता. माझ्या आधी आईची दोन बाळं गेली होती, एक पोटातच, एक सव्वा महिन्याचं होऊन. माझ्या वेळी सहावा महिना लागला तेव्हा गुरं घेऊन आलेली एक काठेवाडी बाई दारात पाणी मागायला थांबली. तिनं आईचा चेहरा पाहिला आणि गाठोड्यातून हे कासव काढून तिच्या पदरात ठेवलं. हे जोवर घरात हिंडेल तोवर घरातलं लेकरू हिंडेल, असं काहीसं म्हणाली आणि गेली. मग मी झाले आणि टिकले. आई तशी देवभोळी नव्हती. उपासतापास तिला जमायचे नाहीत, भुकेनं डोकं दुखायचं. पण रोज सकाळी स्टोव्ह पेटवायच्या आधी ती मामलेदार कुठं आहे ते बघून यायची. आमचं घर थट्टेखोर, पण या गोष्टीची थट्टा कधी कुणी केली नाही.

त्या वर्षी, इतक्या वर्षांनी, आईला पुन्हा दिवस गेले. सातवा महिना चालू असताना वडिलांची धुळ्याला बदली झाली. पौष महिना, त्यात पोटुशी बाई, त्यात तापी ओलांडायची. ठरवून मांडले असते तरी इतके अपशकुन एका जागी जमले नसते. आबा ओट्यावर बसून वडिलांना म्हणाले, "भाऊ, पौषात कोनी घर हलवतं का? महिना सरू द्या, मंग जा."

"आबा, क्वार्टर मिळालंय. आठ दिवसांत ताबा घेतला नाही तर दुसऱ्याला जाईल."

"जाऊ द्या ना मंग. इथी काय उघड्यावर हायेत का तुमी?"

बदलीचा कागद खिशात असलेला माणूस पंचांगाशी काय वाद घालणार? आईनं एकच अट घातली. भांडी फुटली तरी चालतील, कपाट राहिलं तरी चालेल, पण दोन्ही कासवं धड पोचली पाहिजेत. "मामलेदार चालत त्या घरात शिरला पाहिजे," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून ते काम माझं झालं.

मी शाळेत विज्ञानाच्या सरांना विचारलं. सर खडू खाली ठेवून नीट बोलले. गंगीला पाणी भरलेल्या डब्यात नेऊ नकोस, हिसक्यानं पाणी हिंदकळतं, ती आपटते, दमते. ओलं पोतं पुरे, वर झाकण, झाकणाला भोकं. मामलेदाराला कोरडं ठेव, अंधारात, वाऱ्यापासून लांब. "आणि थंडीनं सुस्तावला असेल तर उलट चांगलंच. झोपेतच ने. मध्येच ऊब देऊन उठवलंस आणि पुन्हा गारठू दिलंस, तर ते त्याला सोसायचं नाही." मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. रेघ मारलेली वाक्यं परीक्षेपुरती पाठ होतात, एवढंच.

त्या आठवड्यात आबांनी शेतात भरीत केलं, आमच्या निरोपाचं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, त्यांची करपलेली साल, हिरव्या मिरचीचा ठसका आणि केळीच्या पानावर वाफाळणारा तो ढीग. आई दोन घास खाऊन उठली. बागेत काही पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळायला लागल्या होत्या. आबा एक पान बोटांत चुरत म्हणाले, "चरका लागला," आणि मग कुणीच फारसं जेवलं नाही. आता घरी भरीत करते तेव्हा वांगं गॅसवर भाजते, चव बरी येते, पण जेवताना मला उगीच बांधाकडे बघावंसं वाटतं. बघायला खिडकीबाहेर फक्त शेजाऱ्यांची टाकी आहे.

निघायला चार दिवस राहिले आणि मामलेदार दिसेनासा झाला. शोधला तर ज्वारीच्या पोत्यांमागे सापडला. मान आत, पाय आत. उचलला तर पाठ नदीतल्या गोट्याइतकी गार. सरांचं वाक्य मला आठवत होतं. हे असंच असतं, हे चांगलं आहे, झोपलाय. पण झोपलेलं आणि मेलेलं यांत बाहेरून काय फरक असतो, ते मी सरांना विचारलं नव्हतं. आई रोज सकाळी विचारायची, "हिंडतोय का गं?" मी म्हणायची, "झोपलाय." ती बरं म्हणायची आणि पाठीला हात लावून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारणंच सोडलं. मला वाटतं, त्या न विचारण्यानंच माझं डोकं फिरलं.

निघायच्या दिवशी, ट्रक यायच्या आधी, मी मामलेदाराला फ्रॉकच्या ओच्यात घेऊन आबांकडे गेले. आबा बागेतून नुकतेच आले होते. कडक थंडी पडली की पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून बागेत धूर धरतात, केळीला तेवढीच ऊब. त्यांच्या अंगाला तो वास होता. माझे डोळे बघून ते म्हणाले, "काव पोरी, काय झालं?"

"आबा, हा मेला का?"

त्यांनी कासव उलटंपालटं केलं, कानाशी धरलं. "मेला नही. थंडीनं आखडला. केयीले चरका लागतो ना, तसंच हाये हे." मग थोडा विचार करून म्हणाले, "भट्टीत ठेवू दोन घंटे. पाहाय कसा चालतो."

भट्टी म्हणजे केळी पिकवायची खोली. बिनखिडकीची, मातीच्या जाड भिंतींची. आत घड रचायचे, वर वाळलेली पानं, कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्यांचा मंद धूर, आणि दार शेणामातीनं लिंपून घ्यायचं. आबांना जगातल्या साऱ्या दुखण्यांवर दोनच औषधं माहीत होती, धूर आणि ऊब, आणि केळीवर ती आयुष्यभर लागू पडली होती. मी सरांचं वाक्य त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मडकं बाहेर काढलं असतं, इतके ते भले होते. पण मला ते चांगलं-वाईट काही नको होतं. मला तो हललेला बघायचा होता.

दार उघडलं तेव्हा धुरानं डोळे झोंबले आणि पिकल्या केळ्याचा दाट गोड वास अंगावर आला. पानांच्या ढिगावर मामलेदार चारी पायांवर उभा होता, मान लांब काढून, डोळ्यांत पाणी घेऊन. मी त्याला अंगणात आणून सोडला. तो आईच्या पायांपर्यंत चालत गेला आणि आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "उठला बाई एकदाचा आपणहून," असं म्हणून तिनं त्याला मेथीची पानं घातली. भट्टीचं मी तिला सांगितलं नाही. आबा काही बोलणार होते, पण तेवढ्यात ट्रक आला.

गंगीला तेलाच्या डब्यात ओल्या पोत्यावर ठेवलं होतं, मामलेदाराला लाकडी खोक्यात वाळलेल्या केळीच्या पानांत. दोन्ही माझ्या पायाशी. वडील मागे सामानात, पुढे ड्रायव्हर, मी, आणि दाराशी आई. ते दार नीट लागत नव्हतं, सुतळीनं बांधलेलं होतं, आणि फटीतून वारा थेट आमच्या पायांवर येत होता. ड्रायव्हर धुळ्याकडचा, मोठ्या आवाजाचा. "हाई डबामा काय शे, माय? कुरकुर करी राह्यनं."

"कासवं आहेत," आई म्हणाली.

"कासव? बठ्ठं सामान भरं, कासव बी भरं!" तो मनापासून हसला. त्या गाडीत हसणारं तेच एक माणूस होतं.

तापीच्या पुलावर धुकं इतकं होतं की पाणी दिसलंच नाही. आईनं आंधळेपणानं हात जोडले. तोवर डबा आणि खोकं दोन्ही वाजत होती. डब्यातून गंगीची नखं पत्र्यावर, आणि खोक्यातून वाळल्या पानांची सळसळ. जळगाव मागे पडलं, पाळधी गेली. एरंडोलच्या अलीकडे कुठंतरी सळसळ थांबली. मी गंगीचा डबा पायानं दाबून धरला, की तिचा आवाज बंद झाला तर दुसरा ऐकू येईल. काहीच आलं नाही.

तेव्हा मला ते रेघ मारलेलं वाक्य पुन्हा दिसलं, माझ्याच अक्षरात. मीच त्याला उठवला होता आणि आता मीच त्याला गारठवत होते. आई शेजारी पोटावर हात ठेवून बसली होती, आणि त्या क्षणी माझ्या लेखी खोक्यातलं आणि तिच्या पोटातलं यांत काही फरक उरला नाही. एक गेलं की दुसरं जाणार. मी अंगावरची शाल काढून खोक्याला गुंडाळली आणि पुटपुटायला लागले. देवा, मामलेदाराला जगव. मैलाचा दगड आला की एकदा डोळे मिटून, मधे सारखं ओठांतल्या ओठांत. मामलेदाराला जगव, मामलेदाराला जगव. जीभ कोरडी पडली तरी थांबले नाही.

पारोळा ओलांडल्यावर ट्रक बंद पडला. ड्रायव्हर खाली शिरला आणि तिथूनच ओरडून वडिलांना म्हणाला, "दोन घंटा तरी लागतीन, भाऊ!" दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली उघडी शेतं, आणि त्यांच्यावरून येणारा वारा. ऊन होतं, पण त्यात काही दम नव्हता. हळूहळू तेही गेलं, शेतं आधी तांबूस आणि मग राखाडी झाली. आईचे ओठ निळसर दिसत होते. कितीतरी वेळानं ती म्हणाली, "हिंडतोय का गं?"

मी खोकं उचललं आणि एका बाजूला कलतं केलं. आत मामलेदार पानांवरून घसरला आणि फळीला लागून टक् असा आवाज झाला.

"हलतोय," मी म्हणाले.

आईनं डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोलले आहे, नोकरीत बोलले, संसारात बोलले, पण खोक्यातून येणारा तो टक् अजून माझ्या मनगटात आहे.

धुळ्याचं क्वार्टर म्हणजे नुसतं सिमेंट. पावलं गोठायची. मामलेदार चालत घरात शिरला नाही. वडिलांनी खोकं उचलून आत नेलं आणि मी सरांचा हवाला देऊन सगळ्यांना बजावलं की याला आता उन्हं तापेपर्यंत उघडायचं नाही. गंगी मागच्या टाकीत सोडल्याबरोबर बुडी मारून गेली, जणू काही झालंच नाही. खोकं माझ्या खाटेखाली राहिलं. शाळेतून आले की झाकण किलकिलं करून मी नाक लावायची. वास येत नव्हता. पण थंडीत वास कुठून येणार, असं वाटून तेवढाही धीर सुटायचा. हात लावून बघायची हिंमत मात्र झाली नाही.

तीन आठवड्यांनी, दिवस भरायच्या आधीच, आईला दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगा झाला. दीड दिवस होता. वडील सायकलवरून घरी आले, सायकल भिंतीला टेकवायची असते हे ते विसरले, ती अंगणात आडवी पडली आणि चाक फिरत राहिलं. शेजारच्या अक्का, सगळ्या चाळीची बाळंतपणं पाहिलेल्या, मला जवळ घेऊन स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पौषमा कोनी घर बदलस का, माय?" त्यांना वाईट म्हणवत नाही. खरं तर मला त्या पौषाचा आधार वाटला. सगळे महिन्याला दोष देत होते आणि खाटेखालच्या खोक्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला एकटीला ठाऊक होतं की एक नाही, दोन मेले आहेत, आणि दोघांनाही मीच मारलंय. अकरा वर्षांच्या पोरीला एवढी खात्री कुठून येते, याचं मला आज नवल वाटतं. तेव्हा त्यात काहीच नवल नव्हतं.

फाल्गुन लागला. दुपारी पत्रे तापायला लागले, रस्त्यावर रसवंतीची घुंगरं वाजायला लागली. रविवार होता. वडील बाजारात गेले होते, आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, तशी ती त्या दिवसांत बहुतेक वेळ पडलेलीच असे. मी दाराशी गणितं करत होते. खाटेखालून आवाज आला. आधी सळसळ, मग फळीवर घासल्याचा, मग झाकण सरकल्याचा. मला पळून जावंसं वाटलं. मामलेदार बाहेर आला. अंगावर केळीच्या पानाचा चुरा, डोळे चिकटलेले. तो खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला, मान वर काढली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि रिकाम्या घरातून फेरी मारायला लागला.

आनंद झाला असता तर किती बरं झालं असतं. मला त्याची भीती वाटली. आणि चालणाऱ्या त्या पायांकडे बघता बघता एक गोष्ट अंगावर आली. तो जगला होता. फैजपूरहून धुळ्यापर्यंत मी जे मागितलं ते मला अक्षरशः मिळालं होतं. बाळ जगव असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. एवढ्या लांबच्या रस्त्यात, एकदाही नाही. कासव मागितलं की बाळ आलंच, असं धरून मी चालले होते.

आई उठून बसली होती. ती त्याच्याकडेच बघत होती. मला वाटलं, ती त्याला उचलून बाहेर फेकेल. ती म्हणाली, "भूक लागली असेल त्याला. काकडी आहे का बघ."

तिनं स्वतः काकडी चिरली. फोडी एकसारख्या केल्या. तो खाताना ती त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि पदरानं त्याच्या पाठीवरचा चुरा झाडला. मला राहवेना. भट्टीचं सगळं मी भडाभडा सांगून टाकलं, सरांचं वाक्य, आबांचा धूर, खोकं कलतं केल्याचंसुद्धा. ती मारेल असं वाटलं होतं, मारावं असंही वाटत होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "उठवलास ते बरं केलंस. मलाच त्या दिवशी तो चालताना बघायचा होता. कासव ते, त्याच्या हातात काय असणार?"

मग माझी वेणी नीट करत तिनं विचारलं, "गाडीत सगळा वेळ पुटपुटत होतीस. काय मागत होतीस देवाकडे?"

"बाळ," मी म्हणाले.

आईनं मला पोटाशी ओढलं आणि त्या महिन्यांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. आता ती माझ्याकडेच असते, वय झालंय, पुष्कळ गोष्टी विसरते. ही विसरत नाही. थंडी पडली आणि घरात कुणी पाहुणं आलं की ती शाल सावरत सांगायला लागते, की माझी ही एवढीशी पोर धुळ्यापर्यंत न थांबता भावासाठी देवाची विनवणी करत होती. पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी चहाचे कप गोळा करून आत जाते.